अक्रम खानची ‘जिझेल’ : बाथिल्डचा झगा कोणी शिवला?

रानजाई

‘जिझेल’ हा बॅले मी आजवर चार-पाच वेळा पाहिला असेल, आणि दर वेळी पहिल्या अंकातल्या एका जागी माझा जीव अडकतो. शिकारीला निघालेली सरदार मंडळी गावात विसाव्याला थांबतात. त्यांच्यात बाथिल्ड ही बड्या घरची मुलगी. ती बसलेली असताना जिझेल, गावातली साधी पोर, हळूच तिच्या मागे जाऊन गुडघे टेकते, तिच्या मखमली झग्याचा काठ हातात घेते आणि गालाला लावते. बाथिल्ड वळून बघते, पोर दचकते. तू काम काय करतेस, असं बाथिल्ड विचारते. जिझेल हातांनीच सांगते : सूतकताई, शिवणटिपण. बाथिल्ड गळ्यातली साखळी काढून तिच्या गळ्यात घालते. दोनेक मिनिटांचा मामला. प्रेक्षक तोवर पुढच्या नाचाची वाट बघत असतात.

नृत्यदिग्दर्शक अक्रम खानने इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी नवी ‘जिझेल’ बसवली, तिचा पहिला प्रयोग २७ सप्टेंबर २०१६ला मँचेस्टरच्या पॅलेस थिएटरमध्ये झाला. मी तेव्हा तिथे राहत होते. त्या पहिल्या आठवड्यातच पाहिली, आणि मागच्या रविवारी तिचं रेकॉर्डिंग (२०१७मध्ये लिव्हरपूलला चित्रित केलेलं) पुन्हा लावून बसले. खानने तोच काठ नेमका धरला आहे. त्याच्या जिझेललाही बाथिल्डच्या झग्याची ओढ वाटते, कारण तो झगा तिने स्वतः शिवलेला आहे.

ही गावातली पोर आता कपड्यांच्या कारखान्यातली कामगार आहे. कारखाना बंद पडलाय. बाहेरून पोटासाठी आलेले सगळे कामगार एका भल्यामोठ्या भिंतीच्या अलीकडे अडकलेत आणि मालक भिंतीपलीकडे. भिंतीवर हातांचे ठसे आहेत. अल्ब्रेख्त हा मालकांपैकीच एक, कामगाराच्या वेशात जिझेलला भेटायला येतो. हिलारिऑन हा दोन्हीकडे पाय ठेवून असलेला दलाल. मधूनच भोंगा वाजतो, भिंत आडवी फिरते आणि मालक आत येतात. त्यांचे कपडे (टिम यिपने केलेले) एवढे अवजड आणि ताठ की ते फक्त चालतात, उभे राहतात. नाचायचं काम कामगारांचं, तेही मालकांच्या करमणुकीसाठी.

आणि मग तो क्षण. जिझेल झग्यापाशी जाते, आणि तिला आपलं काम ओळखू येतं. शिवणाऱ्या माणसाला स्वतःचा टाका कुठेही कळतो. जिझेल झालेल्या तमारा रोहोने इथे फार काही केलेलं नाही. ती फक्त जवळ जाते, आणि मान वर उचलते तेव्हा चेहरा बदललेला असतो.

मूळ ‘जिझेल’ २८ जून १८४१ची, पॅरिस ऑपेराची. कथा तेओफिल गोतिए आणि सँ-जॉर्ज यांची, संगीत अदॉल्फ आदामचं, नृत्यं जाँ कोराली आणि ज्यूल पेरो यांची. पेरोचं नाव तेव्हा जाहिरातीत नव्हतं, पण कार्लोता ग्रीझीचे, म्हणजे पहिल्या जिझेलचे, बहुतेक नाच त्यानेच बसवले. कपड्याचा धागा तेव्हापासून त्या कथेत होताच. जिझेल शिवत होती, बाथिल्ड नेसत होती. पावणेदोनशे वर्षं आपण ते बघत आलो आणि त्याला ‘गोड प्रसंग’ म्हणत आलो. खानने काही बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, आतलीच शिवण उसवून दाखवली, असं माझं ठाम मत झालंय.

तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? जुनी, नवी, कुठलीही?

माजघर

रानजाई, मी बॅले कधीच पाहिला नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. पण पुढे काय होतं? अंक दुसरा आहे ना? ती मरते एवढं ऐकून आहे.

रानजाई

हो, लिहिण्याच्या भरात राहूनच गेलं.

जुन्या कथेत अल्ब्रेख्तचं सोंग उघडं पडतं. तो उमराव आहे आणि बाथिल्डशी त्याचं लग्न ठरलंय, हे कळल्यावर जिझेलला वेड लागतं. केस सुटलेले, सुरुवातीला त्याच्याबरोबर फुलाच्या पाकळ्या मोजल्या होत्या त्या हवेतच पुन्हा मोजायला लागते, आणि आईच्या समोर कोसळते. दुसरा अंक रात्रीचा, जंगलात तिच्या थडग्यापाशी. लग्नाआधी मेलेल्या मुली तिथे ‘विली’ होऊन उठतात आणि हाती लागलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. मिर्था त्यांची राणी. हिलारिऑनला त्या संपवतात. अल्ब्रेख्तची पाळी येते तेव्हा जिझेल आड येते, त्याच्याबरोबर नाचते, त्याला सावरते, वेळ काढत राहते. मग पहाटेची घंटा होते, विलींचं बळ सरतं आणि तो वाचतो.

विलींची कल्पना गोतिएने जर्मन कवी हाइनरिक हाइनेच्या लेखनातून उचलली. हाइनेने जर्मनीविषयी लिहिताना या नाचणाऱ्या मृत नवऱ्यामुलींची दंतकथा सांगितली होती.

कातरवेळ

हे वाचून अंगावर काटा आला, कारण हे सगळं मी माझ्या आजीकडून ऐकलंय. आमचं गाव राजापूरच्या बाजूचं. आजीच्या सांगण्यात प्रत्येक बाईचं मरण वेगळं आणि त्याप्रमाणे तिचं नावही वेगळं. सवाष्ण गेली तर जाखीण. बाळंतपणात गेली तर अळवंतीण. साती आसरा पाण्याच्या जागी, त्यांच्या वाटेला भर दुपारी जायचं नाही. आणि सगळ्यांना एकच वेसण : कोंबडा आरवला की त्यांचं काही चालत नाही.

लहानपणी मी फक्त घाबरायचे. मोठी झाल्यावर लक्षात आलं की या सगळ्या बायका काही ना काही अर्धवट राहून गेलेल्या आहेत. कोणाचा संसार, कोणाचं मूल. आजी त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची तो भीतीने, असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यात बरीचशी माया होती. तिची धाकटी बहीण बाळंतपणातच गेली होती.

विली लग्नाआधीच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. पण मी त्यांना लगेच ओळखलं.

निषाद

धागा चांगला आहे आणि कळकळीने लिहिलाय, म्हणूनच विरोधी मत सविस्तर देतो.

मी जुन्या ‘जिझेल’चा भक्त आहे. दुसऱ्या अंकात पांढऱ्या झग्यांतल्या विलींच्या दोन रांगा समोरासमोरून येतात, प्रत्येकीचा एक पाय मागे उचललेला, दुसऱ्या पायावर छोट्या छोट्या उड्या घेत पुढे सरकतात आणि एकमेकींतून आरपार जातात. वीस-चोवीस मुली, कोणाचा कोणाला स्पर्श नाही. ते पाहताना मला धुक्यातून धुकं गेल्यासारखं वाटतं. त्या नाचाला कारखाना लागत नाही, भिंत लागत नाही. त्या मुलींवर काय अन्याय झाला ते त्या सांगत बसत नाहीत, आणि त्यामुळेच तो सगळ्यांचा होतो.

खानच्या ‘जिझेल’मध्ये विलींच्या हातात काठ्या आहेत. त्या जमिनीवर आपटतात, अंगावर धावून जातात. दृश्य जबर आहे, मान्य. पण तो राग मला पहिल्या पाच मिनिटांत कळतो आणि पुढे तोच राग राहतो. मूळ विलींमध्ये राग आणि नजाकत एकाच वेळी असते. मिर्था पायाच्या बोटांवर उभी राहून नुसती तरंगत जाते, चेहऱ्यावर रेष हलत नाही, आणि तरीही तीच सगळ्यांत भयंकर.

दुसरा मुद्दा संगीताचा. खानचा संगीतकार विन्चेन्झो लमान्याने आदामच्या चालींचे तुकडे ठेवलेत, पण त्यांच्याभोवती यंत्रांची घरघर आहे. आदामने १८४१मध्येच एक मोठी गोष्ट केली होती : प्रत्येक पात्राची चाल पुन्हा पुन्हा येते. वेड्या जिझेलच्या कानात पहिल्या भेटीची सुरावट फिरते, ती तुटत जाते. ते ऐकू यायला शांतता हवी. घरघरीत ते बुडतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. घंटा कुठे गेली? पहाट कुठे गेली?

तिहाई

निषाद, विलींच्या काठ्यांबद्दल कथकच्या बाजूने थोडं बोलते. पुण्यात बावीस वर्षं कथक करते आहे, शिकवतेही.

अक्रम खान मुळात कथकचा. जन्म लंडनचा, आईवडील बांगलादेशचे, कथकगुरू प्रताप पवारांकडे तो लहानपणापासून शिकला. पोरवयात दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या ‘महाभारत’ नाटकातही होता. पहिला अंक पाहताना मी एकच गोष्ट बघत होते : पाय. कामगारांच्या पायांत बॅलेचे टोकदार, कडक बूट नाहीतच. पावलं सपाट, गुडघे मोडलेले, वजन खाली, जमिनीत. आम्ही तत्कार शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगतो : पाय आपटू नकोस, जमिनीला उत्तर दे. त्या समूहनाचात हात कातरीसारखे चालतात, माना एकदम वळतात, तालात एकसंध. सम आल्यासारखी ती माणसं थांबतात तेव्हा माझा हात आपोआप मांडीवर पडत होता.

आणि मग दुसऱ्या अंकात पहिल्यांदा बोटांच्या टोकांवर उभ्या राहतात त्या विली. मेलेल्या मुली. जिवंत असताना जमीन त्यांची होती, मेल्यावर जमिनीने त्यांना सोडलं. एरवी बॅलेत बोटांवर उभं राहणं हे सौंदर्याचं टोक मानतात. १८३२मध्ये मारी ताल्योनी या नर्तकीने ‘ला सिल्फीद’ या बॅलेत ते गाजवलं, तेही आजच्यासारखा कडक टोकाचा बूट नसताना, मऊ बुटाला टोकाशी रफू करून. तेव्हाही त्याचा अर्थ ‘ही या जगातली नाही’ असाच होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या सरावाने आपण तो अर्थ विसरलो. खानने पूर्ण पहिला अंक ते दाबून ठेवलं, म्हणून दुसऱ्या अंकात ते पुन्हा भयानक वाटलं. माझ्यासाठी नव्या मांडणीचा सगळ्यात मोठा विजय हा आहे, झग्यापेक्षाही.

काठ्यांचा आवाज मला रागाचा नाही वाटला. घुंगरू काढून घेतलेल्या बाईने हाताशी मिळेल त्याने ठेका धरावा तसा वाटला.

एक छोटी गोष्ट, फक्त आवड म्हणून. कथकची चक्करं टाचेवर, बॅलेची बोटांच्या टोकावर, पण नजर एका बिंदूवर रोखून डोकं शेवटी वळवायची युक्ती दोन्हीकडे सारखीच. मुलींना दाखवलं तर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

लालबाग_परळ

मी या फोरमवर सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

आजोबा गिरणीत साचे खात्यात होते, आजी वाइंडिंगला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा बाबा एकोणीस वर्षांचे. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. संप कधी संपला म्हणून कोणी जाहीर केलंच नाही, तो तसाच विरला. आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आजीला शेवटपर्यंत खोकला होता. कापसाची पूस छातीत बसते, ती निघत नाही.

रानजाई, तुम्ही मँचेस्टर लिहिलंत तिथेच मी थांबलो. मुंबईच्या गिरण्यांच्या आधी कापड म्हणजे मँचेस्टर. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून लँकशरला, म्हणजे मँचेस्टरच्या भागात, गेला. १८६०च्या दशकात मुंबईत पैसा आला तो त्यातून. पुढे गिरण्या इथे उभ्या राहिल्या, आणि दोन्हीकडच्या बंद पडल्या. त्या शहरात, बंद कारखान्यातल्या बाया भुतं होऊन उठतात असं नाटक पहिल्यांदा झालं, हे वाचून मी बराच वेळ काही करू शकलो नाही.

मग काल रात्री रेकॉर्डिंग पाहिलं. बॅलेतलं मला काही कळत नाही. पण दुसऱ्या अंकाची सुरुवात, तो ओसाड कारखाना, तो अंधार मला कळला. लहानपणी आम्ही पोरं भिंतीच्या भगदाडातून बंद गिरणीत शिरायचो. उंच छत, कबुतरं, तेलाचा वास, आणि खांबांवर खडूने लिहिलेले हिशेब तसेच. आता तिथे मॉल आहे. बाबा आत येत नाहीत. गेटवर थांबतात, आम्ही बाहेर येईपर्यंत.

आणि भोंगा. जुन्या बॅलेत त्या जागी शिकारीचं शिंग वाजतं म्हणे. आमच्या घरात भोंग्यावर चहा व्हायचा.

माजघर

लालबाग_परळ, तुमचा प्रतिसाद वाचून शब्द सुचत नाहीयेत. लिहीत राहा.

यात मला राणा प्लाझा आठवलं, कपड्यांच्या कारखान्यांची ती कोसळलेली इमारत. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळच्या सावरमध्ये. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत पाठवलं. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. अक्रम खानच्या आईवडिलांचा देश तो.

रानजाई

लालबाग_परळ, मनापासून आभार. मी त्या थिएटरमध्ये बसून हा विचार केला नव्हता. आता तो प्रयोग मला वेगळा आठवेल.

तिहाई, पायांचं तुम्ही दाखवलंत ते मला दिसलंच नव्हतं. मी सारखी झग्याकडे बघत राहिले.

आता निषाद. घंटेबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी मूळ लेखात टाळलं, कारण मला उत्तर सापडत नव्हतं. जुन्या ‘जिझेल’मध्ये मिर्था शेवटपर्यंत मान तुकवत नाही. अल्ब्रेख्त वाचतो तो सकाळ झाली म्हणून. जिझेल जिंकत नाही, ती फक्त रात्र ढकलते. एकेक नाच म्हणजे आणखी थोडा वेळ. नाचानेच मारायचं आणि नाचानेच तगवायचं, असं एकाच अंकात दुसरीकडे कुठे आहे? ते खानच्या मांडणीत गेलं, हे मला मान्य आहे.

पण त्याच्याकडे पहाट येणारच नव्हती. त्या कारखान्यात दिवस उगवून कोणाचं काय भलं होणार होतं? म्हणून तिथे मिर्था जिझेलच्या हातात काठी देते आणि तिला सांगते, घे सूड. जिझेल घेत नाही. कोंबडा आरवत नाही, घंटा वाजत नाही, ती स्वतः नाही म्हणते. मिर्थाला मागे हटावं लागतं ते त्या नकारापुढे. आणि ती त्याला माफ करते तेव्हा ती भाबडी पोर उरलेली नसते. आपल्या सगळ्या मेलेल्या सोबतिणींच्या देखत, त्यांचा राग खरा आहे हे माहीत असताना ती माफ करते. जुन्या जिझेलच्या माफीवर मी रडायचे. या माफीशी मी आठवडाभर भांडत होते. लालबाग_परळच्या आजीला कोणी विचारलं असतं, तर तिने केलं असतं का माफ? मला नाही वाटत. आणि तिने ते करावंच असंही मला वाटत नाही.

शेवट तर बघा. अल्ब्रेख्त जिवंत सुटतो, पण भिंतीच्या अलीकडे. मालकांनी त्याला टाकलेलं असतं. जिझेल विलींबरोबर निघून जाते आणि तो एकटा, जिथे ती आयुष्यभर अडकली होती तिथे अडकतो.

निषाद

शेवटाबद्दल सहमत. माझ्या आवडत्या जुन्या ‘जिझेल’ची एक कमजोरी तिथेच आहे. बहुतेक ठिकाणी अल्ब्रेख्त थडग्यावर फुलं घेऊन एकटा उरतो आणि आपण त्याच्यासाठी हळहळतो. १८४१च्या मूळ संहितेत तसं नव्हतंच. तिथे जिझेल फुलांत विरून जाताना त्याला बाथिल्डकडे जायला सांगते, आणि बाथिल्ड तिथे येते. नृत्यदिग्दर्शक अलेक्सेई रात्मान्स्कीने २०१९मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेसाठी जुन्या नोंदी चाळून ‘जिझेल’ बसवली तेव्हा तो शेवट परत आणला. एरवी बहुतेक ठिकाणी गाळली जाणारी विलींची फ्यूगही परत आणली : जिझेल त्याला क्रुसाच्या आडोशाला नेते आणि विली चारी बाजूंनी चालून येतात तेव्हाचं संगीत. एकाच चालीचा आवाज एकामागून एक चार दिशांनी.

म्हणजे ‘जुनी जिझेल’ म्हणून मी ज्याचा कैवार घेतोय तीही मधल्या लोकांनी कापून-जोडून दिलेलीच आहे. पॅरिसमध्ये तर ती १८६८नंतर बंदच पडली होती. रशियात नृत्यदिग्दर्शक पेतिपाने जपली, त्याने आपल्या हातचं त्यात घातलं, आणि १९१०मध्ये द्यागिलेफची रशियन बॅले मंडळी ती पॅरिसला परत घेऊन गेली. हे मला माहीत होतं, तरी तुमच्या ‘शिवण उसवून दाखवली’ या वाक्याने ते नीट जाणवलं.

घरघरीबद्दल मात्र मत तेच. ती सुरावट ऐकू यायला हवी होती.

कातरवेळ

निषाद, फ्यूगबद्दल आणखी लिहाल का? वेगळा धागा काढलात तरी चालेल. मला संगीतातलं फार कळत नाही, पण चारी बाजूंनी चालून येणारा आवाज मला माहीत आहे. शिमग्यात रात्री वेगवेगळ्या वाड्यांतून ढोल येतात तेव्हा असंच होतं.

माजघर

रानजाई, तुम्ही आधी नवी बघ म्हणाला असतात तरी मी आधी जुनीच शोधली. रॉयल बॅलेची मिळाली, पीटर राइटची मांडणी, मुख्य भूमिकांत मारिआनेला नुन्येझ आणि वादिम मुन्तागिरोव. काल रात्री आईबरोबर बसून पाहिली. आई ब्लाउज शिवते, पस्तीस वर्षं झाली. पहिल्या अर्ध्या तासात तिला दोनदा डुलकी लागली.

मग बाथिल्ड आली. आई सरळ झाली, चष्मा पुसला. जिझेलने काठ हातात घेतला तेव्हा म्हणाली, “थांबव जरा.” थांबवलं. “हे मखमल आहे. याला उलट हात फिरवला तर छटा बदलते. बघ, ती कशी फिरवतेय, शिवणारी आहे ती.” मग मागे न्यायला लावलं. तीनदा पाहिलं. पुढच्या रविवारी नवी लावणार आहोत. तिला मी अजून सांगितलेलं नाही की तो झगा कोणी शिवलाय.